३२-बिटला निरोप योग्यच. पण संगणक भंगारात देण्याआधी प्रोसेसर तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची तेरावी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. तिच्यात ३२-बिट पीसींसाठी, म्हणजे मेमरीतले पत्ते ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रोसेसरांसाठी, कर्नल (सिस्टीमचा गाभा) नाही आणि सिस्टीम बसवणारा इन्स्टॉलरही नाही. दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत संपली. या दोन गोष्टींची आपल्याकडे सरमिसळ झाली आहे. ‘आता लिनक्सनेही जुने पीसी सोडले’ असं लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर सांगितलं जातं, सोसायटीच्या ऑफिसात आणि वाचनालयांत ते खरं मानलं जातं, आणि अजून कित्येक वर्षं चालतील अशी यंत्रं किलोच्या भावाने जातात. हे थांबावं म्हणून हे पत्र. मात्र ज्या स्वयंसेवकांनी ३२-बिट सोडलं त्यांना बोल लावणंही आम्हाला मान्य नाही. त्यांचा निर्णय योग्य आहे. त्याची कारणं मराठीत फारशी कुणी मांडत नाही, म्हणून इथे जरा तपशिलात जातो.

आधी यंत्राकडे पाहू. विंडोज चालू असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथल्या ‘सिस्टीम टाइप’ या ओळीचे दोन भाग असतात : पहिला ऑपरेटिंग सिस्टीमचा, दुसरा प्रोसेसरचा. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं दिसलं, तर प्रोसेसर ६४-बिट आहे आणि त्यावर फक्त विंडोज ३२-बिट घातलेलं आहे. हे फार ठिकाणी आढळतं, कारण यंत्रात १ किंवा २ जीबी रॅम असताना ३२-बिट विंडोज घालण्याचीच पद्धत होती. लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. पाचही अक्षरं लहान आणि सलग. ‘सीपीयू ऑप-मोड’ या ओळीत ६४-बिटचा उल्लेख असेल तर काम झालं. प्रोसेसरच्या फ्लॅगच्या यादीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं असणं हीही तीच खूण. ‘युनेम’ या आज्ञेवर मात्र विसंबू नये. ती सध्या चालू असलेला कर्नल सांगते, प्रोसेसरची कुवत सांगत नाही.

नुसत्या नावावरूनही बराच अंदाज येतो. एएमडीचा ॲथलॉन ६४ सप्टेंबर २००३ मध्ये आला. इंटेलचा कोअर २ ड्युओ जुलै २००६ मध्ये आला, आणि तेव्हापासून डेस्कटॉपवरचे जवळपास सगळे प्रोसेसर ६४-बिट आहेत. म्हणजे सोसायटीच्या ऑफिसातला कोअर २ ड्युओ, शाळेतला पहिल्या पिढीचा आय३, टायपिंग क्लासमधला ड्युअल कोअर या सगळ्यांवर डेबियन १३ ची ६४-बिट आवृत्ती बसते. खरोखर ३२-बिट म्हणजे पेन्टियम ३, सुरुवातीचे पेन्टियम ४, लॅपटॉपमधला पेन्टियम एम, जानेवारी २००६ चा कोअर ड्युओ (यात ‘२’ नाही, गफलत इथेच होते) आणि २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधला ॲटम एन२७०. त्याच चणीच्या पुढच्या नेटबुकमधला ॲटम एन४५० मात्र ६४-बिट आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

दोन फसव्या जागा आहेत. ॲटम झेड३७३५एफ असलेल्या स्वस्त टॅब्लेट-लॅपटॉपांचा प्रोसेसर ६४-बिट, पण त्यांचं यूईएफआय (यंत्र सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) ३२-बिट असतं. नेहमीचा ६४-बिट पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही आणि यंत्र निकामी ठरवलं जातं. तिथे ३२-बिट यूईएफआय लोडर असलेला पेनड्राइव्ह बनवावा लागतो. बूट झाल्यावर आत सिस्टीम ६४-बिटच चालते. दुसरी जागा मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलची. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख बोर्डाच्या मूळ वर्षावर जाते. मग ब्राउझरला प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं आणि एकही साइट उघडत नाही. ‘इंटरनेट चालत नाही, पीसी जुना झाला’ म्हणून यंत्र बाजूला ठेवण्याआधी हा किरकोळ किमतीचा सेल बदलून पाहावा.

६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट डेबियन चालू असेल, तर १३ व्या आवृत्तीवर थेट अपग्रेड करू नये. जागच्या जागी आर्किटेक्चर (ज्या प्रोसेसर-घराण्यासाठी सिस्टीम बांधलेली असते ते) बदलता येतं, पण ते धोक्याचं आहे. डेबियनचा स्वतःचा सल्ला पुन्हा इन्स्टॉल करण्याचाच आहे. ‘होम’ फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या, बसवलेल्या पॅकेजांची (प्रोग्रॅमांच्या गठ्ठ्यांची) यादी काढून ठेवा, मग ६४-बिट इन्स्टॉलर चालवा. ६४-बिटमध्ये मेमरीतला प्रत्येक पत्ता ४ ऐवजी ८ बाइटचा होतो, म्हणून रॅम थोडी जास्त लागते. १ जीबीवर यंत्र रखडतं, २ जीबीवर साधा डेस्कटॉप चालतो, ४ जीबीवर ब्राउझरही नीट चालतो. बरोबर साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकली तर जो फरक पडतो तो प्रोसेसर बदलूनही पडणार नाही. काही जुन्या लेझर प्रिंटरचे कंपनीने दिलेले लिनक्स ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहेत. झेरॉक्सच्या दुकानांत हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठीच डेबियन १३ मध्ये आय३८६ ची, म्हणजे ३२-बिट पीसींच्या आर्किटेक्चरची, पॅकेजं अजून ठेवलेली आहेत : ६४-बिट सिस्टीममध्ये आय३८६ हे जादा आर्किटेक्चर जोडायचं आणि ड्रायव्हर मागेल त्या ३२-बिट लायब्रऱ्या (प्रोग्रॅम वापरतात ते सामाईक कोडचे संच) बसवायच्या.

आता निर्णयाकडे. एखादं आर्किटेक्चर ‘चालू ठेवणं’ म्हणजे जुना कोड कपाटात पडू देणं नव्हे. हजारो पॅकेजांपैकी प्रत्येक, प्रत्येक बदलानंतर, त्या आर्किटेक्चरसाठी पुन्हा बांधावं लागतं, त्याच्या चाचण्या चालवाव्या लागतात, आणि त्या फसल्या तर कुणीतरी बसून कारण शोधावं लागतं. ३२-बिटमध्ये ही कारणं यंत्राच्या रचनेतच आहेत. पत्त्यांची एकूण जागा ४ जीबी. नेहमीच्या मांडणीत त्यातली ३ प्रोग्रॅमला आणि १ कर्नलला. त्या १ जीबीतही कर्नलला थेट हाताशी मिळते ती सुमारे ८९६ एमबी. त्यापुढची रॅम तात्पुरते नकाशे जोडत-काढत वापरावी लागते, आणि ती यंत्रणा कर्नलच्या मेमरीविषयक कोडमध्ये जागोजागी घुसलेली आहे. ब्राउझरसारखा अवाढव्य प्रोग्रॅम लिंक करताना, म्हणजे त्याचे तुकडे एकत्र जोडताना, लिंकरला याहून जास्त जागा लागते, ती ३२-बिट प्रक्रियेला मिळूच शकत नाही. मग डीबगची माहिती कमी करा, दुसरा लिंकर वापरा, ६४-बिट यंत्रावर ३२-बिटसाठी कंपाइल करा, अशा कसरती दर आवृत्तीला कराव्या लागतात.

अपूर्णांकांचं गणित हे आणखी चिवट दुखणं. प्रोसेसरमधला एक्स८७ हा जुना गणिती भाग आकडेमोड ८० बिटांत करतो आणि मेमरीत ठेवताना ६४ बिटांत कापतो. एकच बेरीज रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) एक आणि मेमरीत दुसरीच निघते, आणि ‘हे दोन आकडे समान आहेत का’ याचं उत्तर कंपायलरने (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) कुठलं रजिस्टर निवडलं यावर ठरतं. एसएसई२ हा प्रोसेसरचा नवा सूचनासंच वापरला की हा प्रश्न सुटतो. पण एसएसई२ पेन्टियम ४ पासूनचं. त्याआधीची यंत्रं सांभाळायची तर ते गृहीत धरता येत नाही. गणिती लायब्रऱ्यांच्या ज्या चाचण्या फक्त आय३८६ वर फसतात, त्यांच्या मागे बऱ्याचदा हेच निघतं. ज्याच्याकडे तसं यंत्रच नाही अशा प्रोग्रॅमच्या लेखकाने ती चूक कुठल्या टेबलावर बसून शोधायची?

सुरक्षेचं तर विशेष सांगायला हवं. मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी ३ जानेवारी २०१८ ला उघड झाली. ६४-बिट लिनक्सचा बचाव त्याच महिन्यात, कर्नल ४.१५ मध्ये आला. ३२-बिटसाठीचा ऑक्टोबरमध्ये, ४.१९ मध्ये आला. मधले नऊ महिने ३२-बिटवाल्यांनी उघड्यावर काढले. यात कुणाचा आळस नव्हता. त्या कोडकडे पाहणारे डोळे कमी होते, इतकंच. नावापुरता चालू ठेवलेला पाठिंबा वापरणाऱ्याला ‘सुरक्षित आहे’ असा खोटा भरवसा देतो. आमच्या मते तो उघडपणे बंद करण्यापेक्षा वाईट.

आणि घड्याळ. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रोग्रॅमांची मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर संपते. भारतीय वेळेनुसार तो क्षण १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्यानंतर तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये उडी मारते. इतकं थांबायचीही गरज नाही. आज घेतलेल्या १५ वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडे जातो, आणि असा प्रोग्रॅम तो हप्ता आत्ताच चुकीचा दाखवू शकतो. डेबियन १३ ने ३२-बिट एआरएमवर वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला, त्यासाठी त्यावर अवलंबून असलेली असंख्य पॅकेजं पुन्हा बांधली. आय३८६ वर तो मुद्दाम तसाच ठेवला, कारण आता आय३८६ चं काम जुने तयार प्रोग्रॅम चालवणं एवढंच उरलं आहे, आणि आकडा बदलला तर नेमके तेच प्रोग्रॅम मोडले असते.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. उपनगरी रेल्वे १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. पश्चिम मार्गाचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, हार्बरचं २०१६ मध्ये. मधली काही वर्षं दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या होत्या. त्या महाग आणि गुंतागुंतीच्या होत्या, पण त्यांच्यावाचून बदल शक्य नव्हता. तारेतला डीसी गेल्यावर जुन्या गाड्यांसाठी एक मार्ग डीसीवर ठेवा असं कुणी म्हणालं नाही, कारण त्या एका मार्गासाठी वेगळी सबस्टेशनं आणि वेगळी माणसं लागली असती. ३२-बिट प्रोग्रॅम चालवणारं ६४-बिट यंत्र ही तशी दोन्हीवर चालणारी गाडी आहे. ती अजून आपल्याकडे आहे, आणि बहुतेकांचं काम तिच्यावर भागतं.

लिनक्सचा कर्नल हा स्वतः याबाबतीत सगळ्यांत सावकाश आहे. ज्या ३८६ वर तो १९९१ मध्ये जन्मला, त्या ३८६ चा पाठिंबा २०१३ च्या फेब्रुवारीत, ३.८ मध्ये गेला. २०१८ मध्ये ४.१७ मधून एकदम आठ आर्किटेक्चर काढली, कारण त्यांचा वापर करणारं कुणी पुढे आलंच नाही. इंटेलचं इटेनियम हे आर्किटेक्चर ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ ला गेलं. ३२-बिट एक्स८६, म्हणजे आपले जुने पीसी, कर्नलमध्ये अजून आहे. ते सोडलं ते वितरणांनी, म्हणजे कर्नलभोवती पूर्ण सिस्टीम बांधून देणाऱ्या डेबियनसारख्या प्रकल्पांनी. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून, उबुंटूने २०१७ मध्ये १७.१० च्या डेस्कटॉप इमेजपासून. या मानाने डेबियन बरीच मागून आली.

आमची तक्रार आहे ती न सांगता मोडण्याबद्दल. एखादी लायब्ररी एका रात्रीत एसएसई२ गृहीत धरू लागते आणि जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच दोन शब्द टाकून मरतो. वापरणाऱ्याला रॅम खराब वाटते, तो ती बदलतो, पैसे वाया जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजने ३.४ आवृत्तीत रस्ट भाषा आणली, तेव्हा जिथे रस्टचा कंपायलरच पोहोचलेला नाही अशा आर्किटेक्चरवाल्यांपैकी अनेकांना ते बिल्ड कोसळल्यावर कळलं. याउलट डेबियनच्या ‘ॲप्ट’ या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रस्ट येणार हे २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस जाहीर झालं, आणि मे २०२६ च्या आधी ते सक्तीचं होणार नाही असं तारखेसह सांगितलं. निर्णय कडकच आहे, पण त्यात तारीख आहे. प्रोग्रॅमने सुरू होतानाच प्रोसेसर तपासून ‘या यंत्रावर मी चालणार नाही, कारण अमुक सूचना नाही’ एवढं म्हणायला फार ओळी लागत नाहीत. तेवढं प्रत्येक प्रकल्पाने करावं.

एका बाबतीत मात्र आम्ही विरोधात आहोत. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एक्स८६-६४ ची (६४-बिट पीसी प्रोसेसरांची) ‘व्ही३’ पातळी लागते, म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे जलद आकडेमोडीच्या सूचना, साधारण इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलपासूनचं. कागदावर हे बारा वर्षांपूर्वीचं वाटतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय३ आणि आय५ मुंबईच्या सेकंडहँड बाजाराचा कणा आहेत, आणि त्यांच्यात एव्हीएक्स२ नाही. त्याहून मोठी गोष्ट ही की पेन्टियम नावाने विकलेल्या कितीतरी नंतरच्या प्रोसेसरांत, अगदी २०२० च्या पेन्टियम गोल्ड जी६४०० मध्येही, एव्हीएक्सच नाही. इथे माणसं कमी पडली हे कारण नाही, वेग हे कारण आहे. वेग हवा तर त्यासाठी यंत्रणा आहे : जी-लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.३३ आवृत्तीपासून एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रती शेजारी ठेवता येतात आणि यंत्राला झेपेल ती आपोआप उचलली जाते. अल्मालिनक्स १० ने ‘व्ही२’साठी वेगळी बांधणी दिली आहे. आपल्या संस्थांनी ती निवडावी. निविदेत ‘लिनक्स चालणारा पीसी’ एवढंच न लिहिता पातळीचं नाव लिहावं, आणि पुरवठादाराकडून ‘एलएससीपीयू’चा छापील निकाल मागावा.

उरले खरोखरचे ३२-बिट पीसी. डेबियन १२ ची दीर्घ मुदत जून २०२८ पर्यंत आहे. तिच्यावर आधारलेलं अँटीएक्स २३ ३२-बिटमध्ये मिळतं आणि ५१२ एमबीवरही हलतं. अल्पाइन लिनक्स आणि नेटबीएसडी हेही पर्याय आहेत. फ्रीबीएसडीने मात्र १५ व्या आवृत्तीत आय३८६ सोडलं. अडचण ब्राउझरची आहे. ३२-बिट लिनक्सवरचं शेवटचं नेहमीचं फायरफॉक्स १४४. दीर्घ मुदतीच्या १४० ला मोझिलाने निदान सप्टेंबर २०२६ पर्यंतची हमी दिली. त्यापुढे अशा यंत्रावर बँकेचं, कराचं, कुठल्याही पासवर्डचं काम करू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. विजेचाही हिशेब करा. काही पेन्टियम ४ प्रोसेसरांची एकट्याची कमाल उष्णता ११५ वॅट धरलेली होती. सगळं यंत्र सरासरी १२० वॅट ओढतंय असं धरलं, तर दिवसाला ८ तास आणि महिन्याला २५ दिवस मिळून २४ युनिट होतात.

गिरगाव, परळ, दादरच्या छापखान्यांत मात्र अशी यंत्रं ठेवण्याला सबळ कारण असू शकतं : पॅरलल पोर्टच्या डोंगलवर (परवान्याची खूण म्हणून यंत्राला लावायच्या उपकरणावर) चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आणि त्यात अडकलेला वीस वर्षांचा मजकूर. असं यंत्र नेटवर्कवरून काढा. चालू आहे तोवर डिस्कची पूर्ण इमेज घ्या, कारण जुनी आयडीई डिस्क बंद पडण्याआधी सांगत नाही. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा. जुन्या फाँटचा प्रत्येक संच वेगळा असतो, त्यामुळे रूपांतरानंतर ‘र्‍य’, ‘र्‍ह’, ‘द्य’, ‘श्र’ आणि रफार डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच होतात. यंत्र टाकायचंच झालं तर डिस्क आधी पुसा किंवा तिला भोक पाडा, आणि बाकीचं ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्या.

कुणाला ३२-बिट खरंच टिकवायचं असेल, तर त्याचाही रस्ता आहे. जीसीसी कंपायलरने आपली जुनी ‘सीसी०’ ही अंतर्गत यंत्रणा काढायचं ठरवलं, तेव्हा मोटोरोलाचं जुनं एम६८के आणि एव्हीआर ही दोन्ही आर्किटेक्चर जाणार होती. एव्हीआर म्हणजे अर्डुइनो ऊनोमधला चिप, जो आपल्या इंजिनीअरिंगच्या पोरांच्या हातात रोज असतो. एम६८केवाल्यांनी पैसे जमवून बक्षीस लावलं, जाणकाराने कोड नव्या पद्धतीत आणला, आणि ते राहिलं. पुढे एव्हीआरचंही तसंच झालं. निषेधाची पत्रं लिहून हे झालं नसतं. डेबियन १३ मध्ये याच वेळी रिस्क-फाइव्ह हे नवं आर्किटेक्चर अधिकृत झालं आहे. सी-डॅकचा वेगा आणि आयआयटी मद्रासचा शक्ती हे आपले प्रोसेसर त्याच घराण्यातले. तिथे चाचण्या, पॅच, मराठीच्या मांडणीची तपासणी यांची आज गरज आहे.

मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲटमचं नेटबुक पडून असेल, तर सुरुवात त्यावरही करता येईल. डेबियन १२ बसवा, एखादं फसणारं पॅकेज घ्या आणि ते त्याच यंत्रावर बांधून पाहा. चुकीची नोंद करताना चार गोष्टी द्या : प्रोसेसरचं नेमकं नाव, ‘एलएससीपीयू’चा पूर्ण निकाल, कर्नलची आवृत्ती, आणि बिल्डच्या लॉगमधली पहिली चूक. शेवटची नव्हे, शेवटची बहुधा पहिलीचाच परिणाम असते.

आपले,
मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणारे काही वाचक, मुंबई